नाव दिलंय, आता माघार घेऊ का?

पत्र, थोडक्यात:

"मी ४९ वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. मुलाला तलावावर सोडता-आणता अडतिसाव्या वर्षी मीही पोहायला शिकले. सकाळी सव्वासहाची लेडीज बॅच सहसा चुकवत नाही. २५ मीटरच्या वीस-बावीस लॅप होतात, बहुतेक ब्रेस्टस्ट्रोक. फ्रीस्टाइलच्या दोन लॅप मारल्या की दम लागतो. बॅचमधल्या तिघींनी मास्टर्स (म्हणजे मोठ्यांच्या) स्पर्धेत नाव दिलं आणि रिलेला चौथी हवी म्हणून मला न विचारता माझंही देऊन टाकलं: ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, १०० मीटर फ्रीस्टाइल आणि ४ बाय ५० फ्रीस्टाइल रिले. स्पर्धा अठरा दिवसांवर आहे, ५० मीटरच्या तलावात. मला सूर मारता येत नाही, माझं टायमिंग कुणी कधी घेतलेलं नाही, बीपीची गोळी चालू आहे. सर म्हणतात, 'तयारी कसली? मजा करायला जा.' नवरा म्हणतो, 'मेडल मिळणार आहे का?' मला वाटतं, तयारी नसताना उतरणं म्हणजे स्पर्धेचा अपमान. शेवटी आले तर? बाद केलं तर? माघार घेऊ का?
— काठावरची

ता. क. डिसेंबरात मालवणच्या समुद्रातल्या स्पर्धेलाही जायचं घाटतंय. मी जाऊ का?"

ताई,

माघार घेऊ नका. १०० मीटर फ्रीस्टाइल तेवढी सोडून द्या. ब्रेस्टस्ट्रोक आणि रिले पोहा. अट एकच, डॉक्टरांनी हो म्हणायला हवं.

तेच आधी उरकू. बीपीची गोळी घेऊन रोज सकाळी आपल्या चालीने पोहणं वेगळं आणि शिट्टी झाल्यावर सगळा जोर लावणं वेगळं. गार पाणी, रोखलेला श्वास आणि अचानक लावलेली ताकद असं सगळं एकदम आलं की रक्तदाब झटक्यात चढतो. तेव्हा डॉक्टरांना नुसतं 'मी पोहते' असं सांगू नका, ते मान डोलावतील आणि पुढचा पेशंट बोलावतील. 'मी ५० मीटर पूर्ण जोर लावून पोहणार आहे, दिवसातून दोनदा' असं स्पष्ट सांगा. गोळी बीटा ब्लॉकर प्रकारातली असेल तर नाडी एका मर्यादेच्या वर जात नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यावरून जोर ठरवू नका. दम किती लागतोय तेवढंच बघा. स्पर्धेच्या दिवशी आपल्या मनाने गोळी टाळायचीही नाही. फिटनेस सर्टिफिकेट बरेच आयोजक मागतात, ते याच फेरीत घेऊन या. डॉक्टर नको म्हणाले तर विषय संपला, मैत्रिणी रुसल्या तरी. रिले त्या दुसरी कुणी शोधून पोहतील.

आता तुमच्या सरांशी थोडं भांडते. अठरा दिवसांत वेग वाढत नाही, इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. लग्न पंधरवड्यावर आल्यावर जेवण सोडणाऱ्यांचं जे होतं तेच ऐनवेळी लॅप दुप्पट करणाऱ्यांचं होतं, वजन तिथल्या तिथे आणि चेहरा उतरलेला. त्यातून ब्रेस्टस्ट्रोक एकदम वाढवला की पहिली तक्रार गुडघ्याच्या आतल्या बाजूने येते. म्हणून लॅप वाढवू नका. पण 'तयारी कसली' हे मला पटत नाही. नवख्या माणसाला मजा येत नाही ती हळू पोहण्यामुळे नाही. पुढची शिट्टी कशाची, आता कुठे उभं राहायचं, हे कळत नसतं म्हणून. मग छाती धडधडायला लागते, आणि त्या भीतीत पहिले पंधरा मीटर जीव खाऊन मारले जातात. उरलेल्या पस्तीस मीटरचं काय होतं ते काठावरून बघवत नाही. तुमच्या हातात आहेत ते अठरा दिवस वेगावर घालवू नका, स्पर्धा ओळखीची करून घेण्यावर घालवा.

आणि अपमानाचं म्हणाल तर मास्टर्स हा प्रकार निघालाच तुमच्यासारख्यांसाठी. १९७० साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या अमारिलोला मोठ्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा पोहणारे पन्नासही नव्हते. त्यामागे रॅन्सम आर्थर नावाचे नौदलातले डॉक्टर होते. समोर स्पर्धेचं उद्दिष्ट असलं की मोठी माणसं पोहणं सोडत नाहीत, अंगात तंदुरुस्ती टिकते, असा त्यांचा हिशेब होता. आधी तयारी आणि मग स्पर्धा हा क्रम शाळकरी मुलांना ठीक आहे. नोकरी, घर, सासूबाईंची पथ्यं सांभाळून पोहणाऱ्या बाईने 'पूर्ण तयारी झाली की नाव देईन' म्हटलं तर ती साठीपर्यंत म्हणतच राहते. स्पर्धेचा अपमान खरा कोण करतं सांगू? रिपोर्टिंगला, म्हणजे शर्यतीआधीच्या हजेरीला, नाव पुकारलं जातंय आणि ही चहाच्या टपरीवर. बाद झाल्यावर पंचांशी हुज्जत. तळहातावर स्टॉपवॉच घेऊन सकाळपासून उन्हात उभी असलेली माणसं बहुतेक हौसेने आलेली असतात. त्यांना तुमच्या हळू पोहण्याचा काही त्रास नसतो.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बाद होण्याची भीती मात्र रास्त आहे, कारण चारही स्ट्रोकमध्ये सगळ्यात जास्त नियम त्यालाच आहेत. पंच म्हणून टोकाला उभं राहिलं की दोनच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली स्पर्शाची. दोन्ही हात एकाच वेळी आणि सुटे भिंतीला लागले पाहिजेत. एक हात वर आणि एक खाली असला तर चालतं, एक आधी आणि एक नंतर हे चालत नाही. स्पर्धेचा तलाव ५० मीटरचा म्हणजे वळण नाही, स्पर्श एकदाच, शेवटी. आणि नेमकी तिथेच गफलत होते. सगळं नीट पोहून आलेली बाई शेवटच्या दोन मीटरला शेजारच्या लेनकडे मान वळवते, उजवा खांदा पुढे जातो, उजवा हात टेकतो, मग डावा. झालं, पंचाचा हात वर. त्यामुळे उद्या सकाळपासून प्रत्येक लॅपच्या शेवटी, गप्पा मारायला थांबायचं असलं तरी, दोन्ही हात लावा. अठरा दिवसांत हाताला वळण लागतं.

दुसरी चूक पायाची, आणि ती आपली आपल्याला कळत नाही. एका पायाचा तळवा बाहेर वळतो, दुसऱ्याचा सरळच राहतो, आणि लाथ कात्रीसारखी बसते. वर्षानुवर्षं तब्येतीसाठी पोहणाऱ्यांत हे फार. मैत्रिणीला सांगा, काठावर तुमच्या मागे उभं राहून मोबाईलवर अर्धा मिनिट चित्रण कर. दोन्ही टाचा सारख्या फिरत असतील तर निर्धास्त. नसतील तर सरांना दाखवा. आळशी पाय सुधारायला अठरा दिवस कमी आहेत, पण हळू पोहताना दोन्ही पाय एकसारखे पडतात आणि जोरात मारताना बिघडतात, असंच बहुतेकींचं असतं. तसं असेल तर शर्यतही त्या हळूच चालीने पोहा. चार सेकंद जास्त गेले तरी निकालपत्रात नावापुढे आकडा येतो, 'डीक्यू', म्हणजे बाद, येत नाही.

सूर मारता येत नाही म्हणून अडायचं कारण नाही. मास्टर्सच्या नियमांत ब्लॉकवरून (लेनच्या टोकाच्या उंच ओट्यावरून), काठावरून किंवा पाण्यात भिंतीपाशी राहून, कशीही सुरुवात करता येते. तुम्ही पाण्यातून करा, आणि रिपोर्टिंगलाच तसं सांगून ठेवा. आता शिट्ट्या. लागोपाठ तोकड्या शिट्ट्या वाजल्या की टॉवेल आणि चपला बाजूला ठेवायच्या. मग एक लांब शिट्टी. बाकीच्या ब्लॉकवर चढतील, तुम्ही पाण्यात उतरून भिंतीला हात लावून थांबायचं. मग 'टेक युवर मार्क्स'. यानंतर हलायचं नाही. सिग्नल झाला की भिंतीला पाय लावून निघायचं. सिग्नलच्या आधी निघालात तर तिथेच बाद, दुसरी संधी नसते. हा सगळा प्रकार मैत्रिणींबरोबर रोज एकदा करून बघा, एकीने तोंडाने शिट्टी वाजवायची. बॅच हसेल, हसू दे.

आणि एक कळकळीची विनंती. या अठरा दिवसांत व्हिडिओ बघून सूर शिकायला जाऊ नका. ब्लॉक पाण्याच्या अर्धा ते पाऊण मीटर वर असतो. त्याच्याखाली निदान १.३५ मीटर, म्हणजे साधारण साडेचार फूट पाणी असावं असा जागतिक नियम आहे, आणि तोही ज्यांना सूर येतो त्यांच्यासाठी. आपल्या तलावांच्या उथळ बाजूला बरेचदा तेवढंही नसतं. मानेच्या मणक्याला झालेली इजा जन्माची असते. स्पर्धा झाल्यावर खोल बाजूला, सरांच्या नजरेखाली, काठावर बसून मारायच्या सुरापासून सावकाश शिका.

१०० मीटर का सोडायची? फ्रीस्टाइलच्या दोन लॅपला दम लागतो असं तुम्हीच लिहिलंय, आणि ते २५ मीटरच्या तलावात, म्हणजे मधे एक भिंत मिळते. पाय लावला की फुकटचा वेग आणि क्षणभर विसावा. ५० च्या तलावात निम्म्यावर आलं तरी खालची काळी रेघ तशीच पुढे चालू राहते. याचा सराव घरच्या तलावातही होतो. भिंत दोन हातांवर राहिली की तिथूनच गरकन वळा, हात-पाय काहीही न लावता, आणि परत पोहायला लागा. पहिल्या दिवशी जीव अर्धा होईल. आठवड्याने अंदाज येईल.

रिलेमध्ये मात्र तुम्हाला एक सवलत आहे, जी तुमच्या मैत्रिणींनी सांगितलेली दिसत नाही. फ्रीस्टाइलच्या शर्यतीत कोणताही स्ट्रोक चालतो. जपानच्या मिएको नागाओका गुडघ्याच्या दुखण्यासाठी वयाच्या ऐंशीव्या वर्षी तलावावर जायला लागल्या. २०१५ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांनी १५०० मीटर फ्रीस्टाइलची शर्यत पुरी केली. असं करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या शतायुषी. वेळ १ तास १५ मिनिटं ५४ सेकंद, आणि पोहल्या बॅकस्ट्रोक. तेव्हा तुम्ही २५-३० मीटर फ्रीस्टाइल मारा आणि छाती भरून आली की सरळ ब्रेस्टस्ट्रोकवर या. उताणं होऊन चार किक मारल्या तरी चालेल. लेनची दोरी ओढत मात्र जायचं नाही. तुम्ही म्हणाल, मग १०० पण अशीच पोहते. नियमाने पोहता येईल, पण पहिल्या स्पर्धेत, गोळी चालू असताना, दिवसाला दोन शर्यती पुष्कळ झाल्या. १०० ऐवजी दुसरं काही घालायच्या फंदात न पडता आयोजकांच्या टेबलाशी जाऊन 'स्क्रॅच करा', म्हणजे नाव काढा, म्हणून सांगा. न सांगता गैरहजर राहिलात तर लेन रिकामी जाते.

रिलेचा क्रम लावताना पहिली उडी तुमची असू दे. म्हणजे उडी नाहीच, पाण्यातून सुरुवात. पहिली असलात की सिग्नलवर निघायचं, बस्स. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला असलात तर येणाऱ्या मैत्रिणीच्याच लेनमध्ये पाण्यात उभं राहून तिचा स्पर्श होईपर्यंत थांबायचं, दोघींची टक्कर. आणि रिलेचा गट चौघींच्या वयांच्या बेरजेवर ठरतो हे तुमच्या कॅप्टनला माहीत आहे ना? तुम्ही ५० धरून बाकीच्या ४४, ५३ आणि ५८ च्या असतील, समजा, तर बेरीज २०५, म्हणजे २०० ते २३९ चा गट. तुमच्या जागी बॅचमधली २८ वर्षांची पोरगी घेतली तर बेरीज १८३ वर येते आणि १६० ते १९९ च्या तरण्या बायकांशी गाठ पडते. तुम्हाला न विचारता नाव का दिलं, याचं उत्तर कदाचित यात असेल.

मी तुम्हाला ५० धरलं. रागावू नका. जागतिक नियमात स्पर्धेच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे वय होईल ते धरतात. तुमचा वाढदिवस डिसेंबरपर्यंत असेल तर तुम्ही ५० ते ५४ च्या गटात, आणि तिथल्या सगळ्यात लहान. न विचारता भरलेल्या फॉर्मवर मैत्रिणींनी काय लिहिलंय ते परिपत्रकाशी ताडून बघा, कारण स्थानिक आयोजक कधी वेगळी तारीख धरतात.

फॉर्मवर टायमिंगचा रकाना असेल. या रविवारी एकदा ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक शर्यतीसारखी पोहा, मैत्रीण मोबाईलवर वेळ घेईल, तोच आकडा द्या. लाजेखातर कमी करून लिहू नका. हीट, म्हणजे एका वेळी पाण्यात उतरणाऱ्यांची तुकडी, त्या आकड्यांवरून लागते. खरा लिहिलात तर तुमच्यासारख्यांबरोबर पोहाल, खोटा लिहिलात तर मधल्या लेनमध्ये, दोन्ही बाजूंनी पाणी उडवत जाणाऱ्यांच्या मधे. तुमच्या भीतीची अर्धी सोय या एका रकान्यात आहे.

कॉस्च्युम जो रोज घालता तोच घाला. झालरीचा किंवा फ्रॉकसारखा असेल तर पाणी धरतो, पण वेगासाठी म्हणून अनोळखी, घट्ट काहीतरी आदल्या दिवशी विकत आणू नका. जागतिक नियमात बायकांचा पोशाख खांद्यापासून गुडघ्यापर्यंत असतो. तुमचा पूर्ण बाह्यांचा किंवा घोट्यापर्यंतचा असेल तर चालेल का ते आयोजकांना आधीच विचारा, ब्लॉकपाशी नको. गॉगलचा पट्टा कॅपच्या आत घ्या.

सराव म्हणाल तर आठवड्यातून दोनदा, नेहमीच्या लॅप निम्म्या करून, २५ मीटरच्या चार लॅप शर्यतीच्या चालीने मारा, मधे पूर्ण दम खाऊन. शेवटचे तीन दिवस नुसतं अंग मोकळं करण्यापुरतं पाण्यात उतरा. त्या दिवशी वेळापत्रकावर विश्वास ठेवू नका. सकाळी दहाची शर्यत दीडला झाली तर नवल नाही. केळी, राजगिऱ्याचे लाडू, थर्मासमध्ये कोमट पाणी, दोन टॉवेल, अंगावर घालायला काहीतरी उबदार. आयोजकांनी दिलेला बटाटेवडा शर्यतीनंतर खा. वॉर्मअपला सगळे एकाच वेळी उतरतात आणि गर्दी भाजीबाजाराची असते. कडेची लेन धरा, चार-पाच लॅप हळू पोहा, आणि शेवटच्या भिंतीला दोन्ही हात लावून बाहेर या.

शेवटी आलात तर काय? येऊ शकता. हीटमध्ये वेगवेगळ्या वयाच्या बायका एकत्र असतात, शेजारच्या लेनमधली तिशीची असेल, निकाल मात्र गटाप्रमाणे लागतो. त्यामुळे पाण्यात शेवटी आणि कागदावर दुसरी, असंही होतं. नवऱ्याला सांगा, मेडल मिळूही शकतं, कारण पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात पुष्कळदा तीन-चारच नावं असतात आणि त्यातली एखादी कात्री मारून बाद होते. अशा मेडलचा फार डांगोरा पिटू नका आणि लाजून कपाटातही टाकू नका. तुम्ही आलात, नियमात पोहलात, बाकीच्या आल्या नाहीत, एवढा त्याचा अर्थ. पोहून झालं की लगेच वर चढायची घाई नको. दोरीला टेकून श्वास जमवा, पंच खूण करतील तेव्हा बाजूच्या शिडीने बाहेर या. शर्यत संपताक्षणी हातांत त्राण नसतं, काठावरून चढायला गेलं तर फजिती होते.

मालवणचं मात्र नाही. चिवला बीचवरची ती स्पर्धा छान असते, राज्यभरातून माणसं येतात, मैत्रिणींबरोबर जरूर जा आणि बांगडा खाऊन या. पण तलावातल्या स्पर्धेत बेताच्या तयारीने उतरा असं जे मी वर सांगितलं ते समुद्राला लागू नाही. तिथे काळी रेघ नाही, दोरी नाही, दर पंचवीस मीटरला भिंत नाही. लाट तोंडावर येते तेव्हा तुमचा दर स्ट्रोकला समोर उचललेला चेहरा उपयोगी पडतो हे खरं, पण ओढ असलेल्या पाण्यात घाबरलात तर पाय टेकायला जागा नसते. आधी तलावात न थांबता किलोमीटरभर पोहता आलं पाहिजे, मग जाणत्या माणसाबरोबर, साध्या दिवशी, किनाऱ्याला समांतर दोन-चारदा समुद्रात पोहून झालं पाहिजे. डिसेंबरपर्यंत ते बसत नाही. मे महिन्यात किती अंतर न थांबता होतंय ते कळवा, पुढच्या वर्षीचं तेव्हा ठरवू.